मृगापर्यंतचा उन्हाळा

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात उन्हाळा हा माणसे परत येण्याचा हंगाम आहे. शिमगा आला की मुंबई-पुण्याच्या एस.टी. गाड्या भरून येतात. कुणी जत्रेला, कुणी लग्नाला, आणि शाळांना सुट्टी लागली की पोरेबाळे आजोळी. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपे निघतात, अंगणे सारवली जातात, ओसरीवर गप्पा रंगतात. मग आभाळ भरून यायला लागले की यातली बहुतेक मंडळी पुन्हा गाडीत बसतात आणि गावात म्हातारी माणसे तेवढी उरतात.

या भागात शेती विस्ताराचे काम करताना हे येणे-जाणे मी दरवर्षी पाहतो. पण काही जोडपी माघारी जाण्यासाठी आलेली नसतात. अशा एका जोडप्याचा २०२३ सालचा उन्हाळा मी जवळून पाहिला. गावी परतण्याचा विचार अनेक घरांत चालू असतो, त्यांना तो उपयोगी पडावा म्हणून सांगतो. त्यांची नावे सांगायचे कारण नाही. गाव त्यांना अण्णा म्हणते आणि मी त्यांच्या घरच्यांना वहिनी म्हणतो. गाव तोरण्याच्या पायथ्याकडचे. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसलेले आहे.

अण्णांच्या घरात परत येणे नवे नव्हते. त्यांचे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि महिन्यांमागून महिने गेले तरी तो मिटला नाही. हजारो माणसे वळकट्या घेऊन गावी आली, त्यांत अण्णांचे वडीलही होते. अण्णा सांगतात, "आमचा बा शेतात जायचा, पण मन तिकडंच. भोंगा कधी वाजतोय याची वाट बघत ओसरीवर बसायचा. शेत म्हणजे त्याला शिक्षा वाटायची." पुढे अण्णा स्वतः वाशीच्या बाजारात माथाडी झाले. पाठीवर पोती वाहण्यात सारी उमेद गेली. पण वडिलांचा तो ओसरीवरचा चेहरा ते विसरले नव्हते. "बा संपून आला. मी संपायच्या आत येणार," हे त्यांनी मनाशी ठरवले होते.

वहिनींचे तसे नव्हते. तिकडे घरात नळ, जिन्याखाली दुकान, मुलगा, सून आणि नातू. इकडे मे महिन्यात उतारावरच्या विहिरीतून पाणी शेंदायचे. शिमग्यानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "साहेब, मृगापातूर बगू. जमलं तर ऱ्हाऊ, न्हाई तर आपलं माघारी." अण्णा खाली मान घालून बसले होते. त्या दोघांत काय बोलणे झाले असेल ते मला न सांगता कळले.

अण्णांच्या डोक्यात बेत पुष्कळ होते. कामावरून सुटताना मिळालेली रक्कम बँकेत होती. बोअर मारायची, पॉवर टिलर घ्यायचा, दोन म्हशी बांधायच्या. मी म्हटले, "अण्णा, हा उन्हाळा पैसा खर्चू नका, पाय झिजवा." तीस-पस्तीस वर्षे दूर राहिलेल्या माणसाला आपले शेत ओळखीचे वाटते, पण ते बदललेले असते. कुठला बांध फुटलाय, कुठे माती वाहून खडक उघडा पडलाय, कुठल्या खाचरात दिवाळीनंतरही ओल टिकते, हे चालल्याशिवाय कळत नाही.

मग दोघे चालू लागले. सकाळी ऊन चढायच्या आत एक फेरी, दिवस कलल्यावर दुसरी. पहिल्या आठवड्यात तलाठ्याकडून सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढले. जमीन अजून वडिलांच्याच नावावर निघाली. भाऊ-बहिणी सगळ्यांना बोलावून वारसनोंदीचा अर्ज केला. २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे मी समजावून सांगितले आणि बहिणींनाही ते बरे वाटले. जत्रेच्या निमित्ताने सारे गावात असतात, तेव्हाच ही कामे उरकावीत. पावसाळ्यात मग कुणी सापडत नाही.

एप्रिलभर ढासळलेले दगडी बांध रचणे चालले होते. अण्णा दगड लावत आणि वहिनी बारीक कपऱ्या पुरवत. कामाचा भार असा फार नव्हता, आणि दुपारी दोघे आंब्याखाली आडवे होत. राहणे आता बाहेरच होते. रात्री घरात उकडते म्हणून अंगणात घोंगडी पसरायची. वारा कोकणच्या अंगाने घाटमाथा ओलांडून येतो, पहाटे तर गोधडी ओढून घ्यावी लागते. मुंबईला पंख्याखाली झोप न येणारे अण्णा इथे चांदण्यात घोरू लागले. वहिनींनी शेजारणींबरोबर कुरडया घातल्या, सांडगे घातले. करवंदे पिकली तेव्हा बायकांच्या टोळीबरोबर डोंगरात गेल्या, पदराला डाग पाडून घेऊन आल्या आणि पोरीसारख्या हसत होत्या. "पन्नाशी उलटल्यावर जाळीत हात घालतेय," म्हणाल्या.

एका रविवारी गावातली माणसे तोरण्यावर मेंगाईच्या दर्शनाला निघाली, तेव्हा हे दोघेही गेले. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे आणि वेल्ह्याकडची चढण दमवणारी. थांबत थांबत पोहोचले. वर देवीला नारळ फोडला. समोर राजगड दिसत होता. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत हा राजगड आहे. पण वहिनींची नजर खाली गुंजवणी धरणाच्या पाण्यावर होती. परत आल्यावर मला म्हणाल्या, "एवढं पानी डोळ्याला दिसतंय, साहेब, आन् घागरीला न्हाई." त्यांचे खरे आहे. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही सारी धरणे याच दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघरपासून आजपर्यंत इथले पाणी खालच्या मुलुखाला जाते, आणि उतारावरच्या वाड्या चैत्र-वैशाखात हंड्यामागे धावतात. गावी परतायचे तर हे कुणी लपवून ठेवू नये. वहिनींना ते उन्हाळ्यातच दिसले हे चांगले झाले. पावसाळ्यात हिरवेगार गाव बघून आलेली माणसे फाल्गुनात फसतात.

मेच्या सुरुवातीला जमिनीचा एक दलाल आला. रस्ते कोरडे असतात, गडी घरी सापडतात, म्हणून या लोकांचाही हंगाम उन्हाळाच असतो. बंगले बांधायला उतारावरच्या जागा हव्या होत्या. आकडा मोठा होता. मुलाचा फोन आला, "विकून टाका, इकडे मोठी खोली घेऊ." अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. वहिनी आतून बाहेर आल्या आणि दलालाला म्हणाल्या, "मृगापातूर काय बी इकायचं न्हाई, असं ठरलंय आमचं." दलाल गेला. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मुदत तीच होती, पण ती आता दुसऱ्या बाजूने लागू झाली होती.

रोपवाटिकेची तयारी सुरू झाली. आपल्याकडे राब भाजण्याची चाल आहे. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून जाळतात आणि डोंगर बोडके होतात. मी त्यांना चारसूत्री पद्धत सांगितली. भाताच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात वाफ्यात मिसळायची. बांधावर गिरीपुष्प लावायचे म्हणजे पुढे त्याचा पाला चिखलणीच्या वेळी गाडता येतो. रोपे नियंत्रित अंतरावर लावायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचायच्या. बियाणे इंद्रायणी घेतले. १९८७ साली प्रसारित झालेला हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा, आणि आंबेमोहोराचा वास त्यात उतरलेला आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून त्यात बी बुडवले, तरंगलेले फोल काढून टाकले, खालचे जड बी दोन-तीनदा स्वच्छ धुऊन सावलीत वाळवले. वहिनींनी हे सारे स्वतःच्या हाताने केले.

बी मात्र आम्ही दोन भागांत ठेवले. निम्मे विहिरीजवळच्या गुंठाभर वाफ्यांत जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकायचे, आणि निम्मे पाऊस लागल्यावर. पाऊस बेभरवशाचा असला की सारे एकदम मातीत घालू नये. त्या वर्षी ही खबरदारी कामी आली. मृग लागला, पण पाऊस आलाच नाही. अरबी समुद्रात वादळ उठले आणि मोसमी वारे अडून राहिले. रात्री शिवारातल्या झाडांवर काजवे लखलखत होते, पाऊस जवळ आल्याची ती खूण, पण आभाळ कोरडे. कोरड्या वाफ्यात टाकलेले बी कित्येकांचे मुंग्यांनी नेले.

या दोघांनी वाफ्यांवर गवत अंथरले आणि सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या तळचे पाणी शेंदून घातले. अंकुर दिसताच गवत काढून घेतले. दोन दिवस शेजाऱ्याने पंप दिला, बाकी घागरी. एकदा संध्याकाळी मी गेलो तर वहिनी कमरेवर घागर घेऊन चढण चढत होत्या. ज्या पाण्याची त्यांना धास्ती होती, तेच पाणी त्या रोपांसाठी आणत होत्या. मी काही बोललो नाही. वाफ्यांत बोटभर हिरवी लव उभी होती.

२५ जूनला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, आणि पाठोपाठ आमच्या डोंगरांवरही कोसळला. खाचरे भरली. ज्यांची रोपे तयार होती अशी गावात मोजकी घरे, त्यांत हे एक. चिखलात उभ्या असलेल्या वहिनींना मी बांधावरून म्हटले, "वहिनी, मृग तर संपला की!" त्यांनी कपाळावरचे पाणी मनगटाने पुसले आणि म्हणाल्या, "संपला व्हय? ध्यानातच न्हाई ऱ्हायलं." अण्णांनी वर पाहिले नाही, लावणी चालू ठेवली.

वाचकहो, गावी परतू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला असेच जमेल असे मी म्हणणार नाही. डोंगरातली थोडकी भातशेती घर श्रीमंत करीत नाही, आणि दवाखाना लांब आहे. पण ज्यांना यायचे आहे त्यांनी पावसाच्या मोहात न येता उन्हाळ्यात यावे आणि दोघांनी यावे. गाठीचा पैसा पहिल्या वर्षी गाठीलाच ठेवावा. कागद बघावेत, बांध चालावेत, अंगणात झोपावे, करवंदे खावीत, गडावर चढावे. घरच्या लक्ष्मीने मुदत मागितली तर ती मोकळ्या मनाने द्यावी. माती आणि माणूस यांची ओळख पुन्हा व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ उन्हाळ्याइतका दुसरा कुठला हंगाम देत नाही.