लखनौचे ३०० पुरुष आणि प्लास्टिकचा मऊपणा

लखनौच्या महात्मा गांधी मार्गावर ‘विषविज्ञान भवन’ आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेचे हे घर. येथील संशोधकांनी शहरातील वैद्यकीय विद्यापीठाच्या साहाय्याने २० ते ४० वर्षे वयाच्या ३०० पुरुषांचे वीर्य तपासले आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी थॅलेट रसायने वीर्यात आढळली. वंध्यत्व असलेल्या पुरुषांत त्यांचे प्रमाण अधिक होते. प्रमाण वाढत गेले तशी शुक्राणूंची गुणवत्ता घटत गेलेली दिसली आणि त्यांचा डीएनए अधिक खंडित आढळला.

ही रसायने शरीरात येतात कशी? पीव्हीसी मुळात कडक व ठिसूळ असते. त्याच्या लांब रेणुसाखळ्यांमध्ये थॅलेटचे रेणू शिरले, की साखळ्या एकमेकींवरून सहज सरकतात आणि प्लास्टिक लवचीक होते. मात्र हे रेणू साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. ते हळूहळू बाहेर झिरपतात. उष्णतेने हा वेग वाढतो आणि तेल-तुपात ते सहज विरघळतात. काही थॅलेट सुगंधी प्रसाधनांतूनही आपल्यापर्यंत पोहोचतात. उंदरांवरील प्रयोगांत यांपैकी काही रसायनांमुळे नर-गर्भाच्या वृषणांतील टेस्टोस्टेरॉनची निर्मिती घटते, असे वारंवार दिसले आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. शरीर थॅलेट साठवून ठेवत नाही. बहुतांश भाग एक-दोन दिवसांत मूत्रावाटे निघून जातो. मग तपासणीत ते पुनःपुन्हा का सापडतात? गळक्या रांजणात पाण्याची धार सतत पडत राहिली, तर रांजण कधीच रिकामा होत नाही. पातळी किती राहील, हे धारेच्या जाडीवर ठरते. धार बारीक झाली, की पातळीही लवकर उतरते. या विषयातील सर्वांत आश्वासक गोष्ट हीच आहे.

लखनौच्या अभ्यासातून सहसंबंध दिसतो. कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तंबाखू, स्थूलता, उष्ण ठिकाणचे काम यांचाही शुक्राणूंवर परिणाम होतो. तरीही प्राण्यांवरील प्रयोग त्याच दिशेने बोट दाखवतात, आणि सावधगिरीसाठी तेवढे पुरेसे आहे. युरोपीय संघाने २००५ साली खेळण्यांतील काही थॅलेटवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, ती याच विचाराने.

या अभ्यासाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. आपल्याकडे अपत्यहीनतेचा ठपका अजूनही बहुधा स्त्रीवर येतो. व्रतवैकल्ये तिची, औषधे तिची, टोमणेही तिलाच. पुरुषाची तपासणी सर्वांत शेवटी होते, तीही नाइलाजाने. या पार्श्वभूमीवर ३०० पुरुषांच्या नमुन्यांनी तो प्रश्न दोघांच्याही पुढ्यात ठेवला.

धार बारीक करण्याचे काही उपाय आपल्या हाती आहेत: गरम व तेलकट पदार्थ स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावेत, प्लास्टिकच्या डब्यात अन्न तापवू नये आणि गर्भारपणात सुगंधी प्रसाधने बेतानेच वापरावीत. बाजारात कोणते प्लास्टिक यावे, हे मात्र एकट्या ग्राहकाच्या हाती नसते. त्यासाठी नियम हवेत आणि त्यांची नियमित तपासणीही हवी.