ढरकी आणि दाखला

वर्गात उर्दू, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी असा नंदुरबार जिल्ह्यातल्या आम्हा उर्दू शिक्षकांचा दिवस जातो. मोमीन घरांत मात्र आणखी एक बोली आहे. आमच्या दादीअम्मा 'कहां जात हौ?' असे विचारायच्या. मोहल्ल्यात तिला 'पूरबी' म्हणतात.

ही बोली मऊ, मुबारकपूर, बनारसकडची. विलायती गिरणीच्या कापडाने तिथले हातमाग बसले. त्यात १८५७ नंतरची दडपशाही आणि दुष्काळ. विणकरांनी घरदार सोडले आणि आग्रा-मुंबई रस्ता धरला. कोणी धुळ्यात थांबले, कोणी मालेगावात, कोणी थेट भिवंडीत. आमचे वडीलधारे धुळ्याहून इकडे सरकले.

त्या काळी 'जुलाहा' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. ही हेटाळणी झुगारण्यासाठी आसिम बिहारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी कलकत्त्यात विणकरांना एकत्र केले. त्यातूनच पुढे ऑल इंडिया मोमीन कॉन्फरन्स उभी राहिली. 'मोमीन', 'अन्सारी' ही नावे देशभर अभिमानाने लावली जाऊ लागली. एप्रिल १९४० मध्ये दिल्लीला भरलेल्या आझाद मुस्लिम परिषदेत ही संघटना फाळणीच्या विरोधात उभी होती. तिचे नेते अब्दुल कय्यूम अन्सारी यांच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघाले. आपल्या महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारली. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात जातीचा दाखला आहे, त्यामागे अशा माणसांची आयुष्ये खर्ची पडली आहेत. हे ऋण मोठे आहे.

पण दाखल्यात बोली मावत नाही. ढरकी म्हणजे धोटा, हे आता किती मुलांना ठाऊक आहे? माग गेला, त्याबरोबर त्याचे शब्दही चालले. घरातली बोली वर्गात तोंडून निसटली की बाकीची मुले 'गावठी' म्हणून हसतात. मग ते मूल दादीशीसुद्धा शाळेतल्या उर्दूत बोलू लागते.

अशा वेळी आम्ही वर्गाला कबीरांची आठवण देतो. बनारसचा तो विणकर याच मुलखातल्या बोलीत बोलला. त्याचे दोहे पुस्तकात आले की आपण माना डोलावतो आणि दादीच्या तोंडी तशीच बोली आली की लाजतो. हा कुठला न्याय?

उर्दू आमची आहे, मराठीही आमची आहे. दोन्ही शिकल्याशिवाय मुलांची प्रगती नाही. म्हणून तिसरी टाकून द्यायची का? बिरादरीच्या सभांत शिष्यवृत्ती, सामूहिक विवाह हे विषय होतात, ते व्हायलाच हवेत. त्याच सभेत एक वही फिरवावी. म्हाताऱ्यांकडून मागाचे शब्द, लग्नातली गीते, सोडलेल्या गावांची नावे त्यात उतरवून घ्यावीत. आमच्या वर्गात ही वही सुरू झाली आहे. प्रत्येक मुलाने घरून दहा शब्द आणायचे. लिपी कोणतीही चालेल, उर्दू किंवा देवनागरी. सांगणारी माणसे थकली आहेत, तेव्हा घाई केलेली बरी.