काच न उघडता

कोल्हापुरात मी पुस्तकांची आणि अंकांची मांडणी करून देतो. लेखकाचा मजकूर येतो, मुद्रितशोधकाच्या दुरुस्त्या येतात आणि छापखान्यात जाणारी अखेरची पीडीएफ माझ्या टेबलावरून निघते. हे काम बरीच वर्षं एका आयमॅकवर चाललंय. २१.५ इंची पडद्याचं, २०१३च्या उत्तरार्धात बाजारात आलेलं मॉडेल. त्याचा पडदा आता माझ्या नजरेत बसलाय. इथे दिसणारा लाल छापल्यावर किती गडद होणार, मजकुरामागची फिकट राखाडी आर्ट पेपरवर टिकेल की उडून जाईल, हे मला पडद्याकडे बघून सांगता येतं. ही नजर तयार व्हायला वेळ लागतो, आणि ती एका पडद्यापुरतीच असते.

हे यंत्र मंदावत गेलं. आधी सुरू व्हायला दोन मिनिटं लागायची, मग चार-पाच लागायला लागली. पडद्यावर सगळं दिसू लागलं तरी माऊस हलवला की रंगीत चक्र फिरत बसायचं. इनडिझाइन उघडताना फॉन्ट वाचण्याच्या टप्प्यावर तर ते इतकं रेंगाळायचं, की बंद पडलं की काय असं वाटावं. एरवी मी हे चालवून घेतलं असतं. पण दिवाळी अंकाच्या दिवसांत जाहिराती शेवटच्या घटकेला बदलून येतात, छापखान्यात प्लेट काढायची घाई असते, आणि एका नावातला ऱ्हस्व-दीर्घ बदलायला पाव तास जातो. त्या दिवसांत हे सोसवत नाही.

भेटेल तो एकच सल्ला द्यायचा: यंत्र जुनं झालं, नवीन घ्या. पैशांचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठी अडचण कामाचीच होती. माझी कित्येक पुस्तकं इनडिझाइन सीएस ६मध्ये लावलेली आहेत. हा प्रोग्रॅम ३२-बिटचा आहे, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या कॅटालिनापासून मॅकवर ३२-बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत जुनी फाइल उघडते, पण ओळी जशाच्या तशा राहतीलच याची खात्री नसते. एक शब्द पुढच्या ओळीत गेला की परिच्छेद वाढतो, परिच्छेद वाढला की पान सरकतं, आणि मग चारशे पानांच्या पुस्तकाची अनुक्रमणिका आणि सूची नव्यानं तपासायला बसावं लागतं. त्यात मराठीचे जुने फॉन्ट. युनिकोडच्या आधीचे, त्यातले बरेच टाइप १ जातीचे. अडोबीनं जानेवारी २०२३मध्ये या जातीच्या फॉन्टचा आधार काढून घेतला. एखादा प्रकाशक फोन करून सांगतो, दुसरी आवृत्ती काढायचीय, फक्त प्रस्तावना नवीन आहे आणि मधली काही पानं बदलायचीत. त्या माणसाला मी ‘सगळं पुस्तक परत लावावं लागेल’ असं कसं सांगू? ती पुस्तकं उघडणारं यंत्र हाताशी असणं ही माझ्या धंद्याची गरज आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला होता, तेव्हा त्यानं ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून दिला आणि म्हणाला, “मामा, आता नेहमीसारखं काम करा. काही बोलू नका, नुसतं हे आकडे बघा.” मी अंकाची फाइल उघडली. चक्र फिरायला लागलं. प्रोसेसरचा आकडा मात्र खालीच होता, जेमतेम काही टक्के. मेमरी ८ जीबी, तीही तुडुंब भरलेली नव्हती. मग डिस्कचा रकाना उघडला. तिथे सेकंदाला होणाऱ्या वाचनांचा आकडा शंभराच्या आतबाहेर घुटमळत होता, वर जातच नव्हता. “बघितलंत? प्रोसेसर मोकळा बसलाय. सगळे डिस्कची वाट बघतायत.”

त्या शंभराच्या आकड्यामागे साधं गणित आहे. या आयमॅकमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी वेळ जातो. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला शंभराच्या वर मजल जाणं अवघडच. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, ते वाईट नाही. पण यंत्र सुरू होताना आणि इनडिझाइन उघडताना वाचायच्या असतात त्या हजारो चिमुकल्या फाइली. माझ्याकडे देवनागरी फॉन्टच कितीतरी आहेत, आणि प्रत्येक फॉन्ट म्हणजे एक वेगळी छोटी फाइल. म्हणजे माझं काम नेमकं या डिस्कच्या सगळ्यात कमजोर जागी घाव घालणारं.

त्यात मी मोहावे टाकलं होतं, म्हणजे २०१८ सालचं मॅकओएस. ते टाकताना हार्ड डिस्कवरची रचना आपोआप एपीएफएसमध्ये बदलली जाते. ही रचना चिपवर चालणाऱ्या ड्राइव्हसाठी बेतलेली आहे. तिच्यात फाइलींची नोंदवही डिस्कभर पसरत जाते. चिपला त्याचं काही वाटत नाही, फिरत्या तबकडीला मात्र प्रत्येक नोंदीसाठी धाव घ्यावी लागते. यंत्र मोहावेनंतर आणखी का मंदावलं, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

म्हणजे बदलायची होती ती फक्त डिस्क. मी राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सरळ माणूस. त्यानं यंत्राची कड बोटानं दाखवली. २०१२च्या अखेरीपासून आयमॅकची कड ५ मिलिमीटर इतकी पातळ झाली आणि पुढची काच पडद्यासकट सांगाड्याला चिकटवली जाऊ लागली. आत जायचं तर चारही बाजूंनी पातळ चाक फिरवून तो चिकटपट्टा कापायचा, पडदा अलगद उचलायचा, आतल्या केबली सोडवायच्या, आणि शेवटी नवीन पट्टा लावून सगळं परत बसवायचं. “करतो मी हे काम,” तो म्हणाला, “पण साहेब, पडदा जुना आहे. कापताना कोपऱ्याला तडा गेला तर तसा पडदा शोधत बसावं लागेल. तुमचं सगळं त्या पडद्यावरच आहे म्हणताय, तर बाहेरून लावा की.” काम हातचं जात असताना त्यानं हा सल्ला दिला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

बाहेरून लावायचं म्हणजे एसएसडी, चिपवर चालणारा ड्राइव्ह, एका डबीत घालून यूएसबीनं जोडायची आणि यंत्र तिच्यावरूनच सुरू करायचं. मॅकला हे कधीच परकं नव्हतं. बाहेरच्या डिस्कवरून सुरू होण्याची सोय त्यात आधीपासून आहे. प्रश्न वेगाचा होता. माझ्या यंत्राच्या मागे चार यूएसबी ३ पोर्ट आहेत. त्यांचा वेग ५ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ४०० एमबीच्या थोडं वर. तिथेच दोन थंडरबोल्ट पोर्टही आहेत, त्यांचा वेग १० गिगाबिट. पण थंडरबोल्टच्या डब्या महाग, आणि माझ्या कामाला त्याचा उपयोगही बेताचाच. मला सलग वेगापेक्षा छोट्या वाचनांचा वेग हवा होता, आणि तो साध्या साटा एसएसडीतही हार्ड डिस्कच्या कित्येक पट असतो, कारण तिथे फिरणारं काहीच नसतं. दुकानदार जास्त वेगाची एनव्हीएमई दाखवत होता. ती पोर्टच्या ५ गिगाबिटांना अडून राहिली असती आणि वर डबी तापली असती. मी अडीच इंची ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली. डबी मात्र निवडून घेतली. तिच्यात यूएएसपी हवं, म्हणजे यंत्र एका वेळी अनेक मागण्या पाठवू शकतं. जुन्या पद्धतीच्या स्वस्त डबीत एक मागणी पुरी झाल्यावर दुसरी जाते, आणि मग छोट्या वाचनांचा निम्मा फायदा तिथेच विरतो. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, आणि ते वाचूनच डबी घ्यावी.

सगळं नव्यानं टाकायचं की जसंच्या तसं उचलायचं, यावर भाच्याशी थोडा वाद झाला. त्याचं म्हणणं, जुना पसारा सोबत नेऊ नका. मी ऐकलं नाही. कारण तो पसारा म्हणजे माझं दुकान होतं: फॉन्ट, मुद्रिताच्या शैली, छापखान्यागणिक वेगवेगळ्या पीडीएफच्या जुळण्या, शब्दांचा कोश. म्हणून आधी एसएसडी एपीएफएसमध्ये फॉरमॅट केली आणि कार्बन कॉपी क्लोनरनं आतली डिस्क तिच्यावर उतरवायला लावली. मोहावेत हे सरळ होतं. कॅटालिनापासून प्रणालीचा भाग वेगळ्या बंद कप्प्यात गेला आणि प्रकरण जरा गुंतागुंतीचं झालं. काम रात्रभर चाललं. सकाळी बघतो तर नक्कल पूर्ण झाली होती, पण खाली काही फाइलींची यादी होती: या वाचता आल्या नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांचे स्कॅन होते. वेगळ्या बॅकअपमध्ये ते सापडले, म्हणून नुकसान झालं नाही. पण त्या यादीनं मला धडकी भरली. डिस्क नुसती मंद नव्हती, ती जागोजागी खराब व्हायला लागली होती. आणखी एखादा हंगाम तसाच काढला असता तर त्या यादीत पत्रिकांऐवजी पुस्तकं असती.

मग यंत्र बंद करून परत सुरू केलं आणि सुरुवातीचा सूर ऐकू येताच ऑप्शनची कळ दाबून धरली. पडद्यावर दोन चित्रं आली. आतली डिस्क करड्या रंगाची, बाहेरची नारिंगी. नारिंगीवर टिचकी मारली. अर्ध्या मिनिटाच्या आत माझा नेहमीचा डेस्कटॉप समोर होता, आणि माऊस पहिल्या हालचालीलाच चालला. इनडिझाइन उघडलं, फॉन्टचा टप्पा वाचायच्या आत निघून गेला. मी मागच्या वर्षीचा अंक उघडला, जाहिरातींची पानं भराभर खाली सरकवली. प्रतिमा जागच्या जागी उमटत गेल्या. भाचा काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हसत राहिला. मला खरंच भरून आलं. या यंत्रावर इतकी पुस्तकं झालीत, आणि मी त्याला निकालात काढायच्या बेतात होतो.

पुढे काही गोष्टी वापरता वापरता बसवाव्या लागल्या. सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये जाऊन सुरुवातीची डिस्क म्हणून एसएसडी निवडणं आवश्यक आहे, नाहीतर यंत्र दर वेळी आतल्या डिस्ककडे जातं. केबलची काळजी सगळ्यात महत्त्वाची. चालू यंत्राची ही डिस्क म्हणजे त्याचा प्राण, केबल निसटली की सगळं जागच्या जागी गोठतं. आमच्याकडे रोज झाडलोट होते, टेबल पुसलं जातं. म्हणून डबी आयमॅकच्या ॲल्युमिनियमच्या पायाला मागून वेल्क्रोनं चिकटवली, वीतभर लांबीची केबल घेतली आणि ती पायाच्या भोकातून ओढून घट्ट बांधली. समोरून काहीच दिसत नाही. वीज गेली तर सावरायला यूपीएस आधीपासून होता, आता त्याशिवाय मी यंत्र लावतच नाही.

मॅकओएस यूएसबीवरच्या एसएसडीला ट्रिमची आज्ञा पाठवत नाही. म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे ड्राइव्हला कळवलं जात नाही, आणि ती काठोकाठ भरली तर लिहिणं मंदावतं. उपाय सोपा आहे, चांगली ऐसपैस जागा रिकामी ठेवायची. मी चालू कामं तेवढी एसएसडीवर ठेवतो. पूर्ण झालेली पुस्तकं दोन वेगवेगळ्या बॅकअप डिस्कवर जातात. आतल्या जुन्या डिस्कवर भरवसा ठेवावा असं काही आता मी तिथे ठेवत नाही.

आणि मोहावेला २०२१नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलंय. त्यामुळे बँकेचे व्यवहार आणि मेल मी या यंत्रावर करत नाही. ते फोनवर. फाइली पेनड्राइव्हनं येतात-जातात. पुस्तक लावणं हेच त्याचं काम, आणि ते ते उत्तम करतं.

हे ऐकून आमच्याच इमारतीतले एक छायाचित्रकार आपला २०११चा आयमॅक दाखवायला मला वर घेऊन गेले. त्यांनाही अशीच डबी हवी होती. त्यांच्या यंत्रात यूएसबी २ होतं, सेकंदाला ३०-४० एमबी. तिथे बाहेरून यूएसबीला एसएसडी लावून पैसे वाया गेले असते. पण त्या पिढीची काच चिकटवलेली नसते, चुंबकांनी धरलेली असते. रबरी चोषकांनी ओढली की सुटते, खाली पडदा स्क्रूंनी बसवलेला असतो. मी त्यांना राजारामपुरीतल्या त्याच दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. २०११च्या आयमॅकमध्ये डिस्कचं तापमान खास पद्धतीनं वाचलं जातं, साधी एसएसडी बसवली की पंखे पूर्ण वेगानं घोंघावत राहतात. त्याला हे ठाऊक होतं. त्यानं तापमापकाची वेगळी केबल मागवून घेतली, मगच काच काढली.