ओझ्याची होडी
होडीची लांबी ठरवण्याआधी मी अंगणात ओझं मांडतो. तंबू, तांदूळ, नागलीचं पीठ, टोप, जाळी, दोर, कोरड्या लाकडांची मोळी, पांघरुणं. त्यात चार माणसांचं वजन मिळवलं की आकडा चारशे किलोवर जातो. मोखाड्याकडच्या दऱ्यांत वाट संपते, धरणाचं पाणी पुढे जातं. तिथे एवढं सामान डोक्यावरून नेण्यात दिवस जातो.

म्हणून माझी होडी अठरा फूट लांब, पोटात तीन फूट रुंद. टोकं निमुळती असल्याने पाण्यावर टेकणारी जागा छत्तीस चौरस फुटांच्या आसपास भरते. म्हणजे होडी इंचभर खाली बसली की साधारण पंच्याऐंशी किलो तोलते. तिचं स्वतःचं वजन शंभरावर. सगळं धरून ती सहा इंच बुडते. काठ दीड फूट ठेवला, तो या हिशोबाने. उरलेला फूटभर वाऱ्यासाठी. धरणाच्या मोकळ्या पाण्यावर दुपारी वारा सुटला की लाटा वाटतात त्याहून उंच उठतात.

मालवणकडच्या होडीला बाजूला तोल धरणारं तरंगतं लाकूड, म्हणजे उलांडी, असते आणि समुद्रात तिचा आधार मोठा. पण इथे धरणाच्या पोटात जुन्या झाडांचे बुंधे उभे आहेत. उलांडी तिथे अडकणारच. मी ती सोडली आणि तळ सपाट, रुंद केला.

फळ्या सागाच्या. सागातल्या नैसर्गिक तेलामुळे तो पाण्यात टिकतो आणि लोखंडी खिळ्याभोवतीही लवकर कुजत नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही नौका मलबारच्या सागाची. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते. आमच्या डोंगरातही साग आहे, पण लाकूड मी रीतसर पावतीवरच घेतो. वांकांसाठी, म्हणजे होडीच्या आतल्या बरगड्यांसाठी, बाभळीच्या मुळातच वाकड्या वाढलेल्या फांद्या शोधतो. सरळ लाकूड कापून बाक काढला की रेषा तुटतात आणि ओझ्याखाली वांक तिथेच चिरतो. अशी फांदी मिळेपर्यंत काम थांबलं तरी चालेल. फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा, वरून तेलात कढवलेली राळ.

उन्हाळाभर कोरडी राहिलेली होडी एकदम पाण्यात लोटू नये. फळ्या आटलेल्या असतात. आत पाणी भरून दोन दिवस ठेवलं की लाकूड फुगतं, फटी मिटतात.

रिकाम्या होडीत मी नवख्याला बसवत नाही. ती उथळ बसते, वारा तिचं टोक फिरवतो. भरली की स्थिरावते, पण ओझं नीट लावलं तर. तांदूळ आणि भांडी मधोमध, तळाशी, पांघरुणं टोकांना. पुढचं टोक किंचित हलकं. काठाच्या वर काही रचायचं नाही, आणि माणसांनी उभं राहायचं नाही.

आमच्या या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईच्या घरांत पिण्यासाठी जातं. तिथे परवानगीशिवाय होडी घालू नये आणि परवानगी असली तरी वल्हीच मारावीत, इंजिनाचं तेल त्या पाण्यात नको. भरली होडी वल्ह्यावर हळू निघते, पण एकदा वेग धरला की दोन हातांच्या जोरावर चालत राहते. पुढच्या होडीला मी काठ इंचभर वाढवणार आहे. सुतारदादा म्हणतात, लाकूड कमी पडेल. फळी मी आधीच बघून ठेवली आहे.