बाक कुणाचा बदलावा?

तक्रार घेऊन आलेल्या मुलीचाच बाक बदलावा, हा न्याय आम्हांला उफराटा वाटतो. इंदुरात आमच्या शेजारच्या मुलीने वर्गातील मुलाच्या अश्लाघ्य स्पर्शाविषयी सांगितले, तेव्हा शाळेने हेच केले. वर ‘बोभाटा नको’ असे घरच्यांना बजावले. वास्तविक २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये १८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ती न देणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा करणारा स्वतःच अल्पवयीन असेल, तर बाल न्याय कायदा त्याच्या सुधारणेची वाट मोकळी ठेवतो. तेव्हा शाळेतील जाणत्या बाईंनी मुलीचे म्हणणे शांतपणे ऐकून लिहून घ्यावे, नाव गुप्त राखावे, आणि हलवायचेच तर मुलाला हलवावे. लेक बोलली ती वडीलधाऱ्यांवर विसंबून. त्या विश्वासाला तडा जाऊ नये.