जुन्या नावांची फेरतपासणी

दिघोरीच्या शिवारात ट्रायलोबाइट सापडणार नाही. भंडारा जिल्ह्याच्या या भागातला खडक साकोली समूहाचा, ट्रायलोबाइट समुद्रात वावरू लागले त्याच्या कितीतरी आधीचा आणि पुढे उष्णतेने, दाबाने पार पालटलेला. पण दाबाखाली दगडाचं काय होतं, हे मी याच खडकाकडून शिकलो. पूर्वी कुणीतरी वर्णन करून नाव दिलेले जीवाश्म पुन्हा हाती घ्यायचे आणि ते नाव टिकतं का ते तपासायचं, हे माझं काम. त्यात ही शिकवण सतत उपयोगी पडते.

काश्मीरचे कँब्रियन ट्रायलोबाइट घ्या. पन्नास कोटी वर्षांच्या आसपासचे हे जीव. एफ. आर. काउपर रीड यांनी १९३४ मध्ये त्यांचं वर्णन केलं. मात्र डोंगर उभे राहताना तिथले थर चेपले गेले होते. दाबाच्या रोखाने पडलेला ट्रायलोबाइट आखूड आणि रुंद होतो, तर त्याच लादीवर आडवा पडलेला त्याचा भाऊबंद लांबट आणि अरुंद. नुसत्या नजरेला दोन जाती वाटतात. नायजेल ह्यूज आणि पीटर जेल यांनी १९९२ मध्ये संगणकाच्या मदतीने हा चेपलेपणा हिशेबात घेतला, तेव्हा वेगळ्या मानलेल्या काही जाती एकच ठरल्या.

असा नमुना टेबलावर आला की आधी त्याला नवसागराची धुरी द्यायची. पांढरा पातळ थर बसतो, दगडाचे डाग झाकले जातात आणि उरतो फक्त आकार. मग दिवा तिरपा धरायचा. सपाट वाटणाऱ्या डोक्यावर खाचा उमटतात, डोळ्यांच्या कडा दिसू लागतात. त्यानंतरच जुनं वर्णन वाचायला घ्यायचं.

काही नावं दगडामुळे नव्हे, काळामुळे ढळतात. स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरला मिळालेल्या डायनासोरच्या शेपटीच्या मणक्यांवरून लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. दोन वर्षांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या मणक्यांना ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ म्हटलं. मणका पुढून वाटीसारखा खोलगट, मागून गोल फुगीर. त्या वेळी ही खूण आगळी होती. पुढे जगभरच्या अनेक डायनासोरांत ती सापडली. अख्ख्या कुळाची खूण एकाच प्रजातीची ओळख कशी ठरणार? विल्सन आणि अपचर्च यांनी २००३ मध्ये हे नाव अग्राह्य ठरवलं.

इंडिकसचा मूळ मणका हरवला असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना तो पुन्हा सापडला. नाव टिकलं नाही, तरी या मणक्याचं मोल कमी झालेलं नाही. नवा प्रश्न पडला की पुन्हा त्याच्याकडेच जावं लागतं.

रीड आणि लायडेकर यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी नमुना जपला, चित्र छापलं, ठिकाण लिहून ठेवलं, म्हणूनच आज त्यांचं मत तपासता येतं. विदर्भातल्या वाचकांना म्हणूनच विनंती: शेतात हाडासारखा दगड दिसला तर उकरू नका, घासून स्वच्छ करू नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. ठिकाणाची नोंद नसलेला जीवाश्म अर्धा गमावलेलाच असतो.