पहाडगंजचा ठिपका

टपाल खात्याने 27 मे 2025 रोजी ‘डिजिपिन’ ही पत्त्याची नवी अंकीय पद्धत देशापुढे ठेवली. हैदराबादची आयआयटी आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने ती तयार झाली आहे. कल्पना सोपी आहे. भारत आणि भोवतालचा समुद्र मावेल असा 36 अंश लांबी-रुंदीचा चौकोन घ्यायचा, त्याचे सोळा भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा. शेवटी जमिनीचा जेमतेम चार मीटर लांबी-रुंदीचा तुकडा उरतो, आणि दहा चिन्हांचे त्याचे नाव. संस्कृतज्ञ श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने 1972 साली आलेला पिनकोड टपाल कार्यालयापर्यंत पोहोचवतो; 110055 म्हटले की पहाडगंज कळते, गल्ली कळत नाही. डिजिपिन थेट दारापर्यंत नेऊ पाहतो. मात्र तो ज्या अक्षांश-रेखांशांतून घडतो, ते बहुधा कोणाच्या तरी तक्त्यातून आलेले असतात. तक्त्यातील ओळ नकाशावरचा ठिपका होते तेव्हा काय घडते, हे पहाडगंजइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

पहाडगंज हे नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला. दिल्लीतील मराठी माणसांना ते नूतन मराठी शाळेमुळे परिचयाचे. गावाकडून येणाऱ्या पाहुण्याला फोनवर एकच गोष्ट बजावून सांगावी लागते: पहाडगंजच्या बाजूनेच बाहेर पडा, अजमेरी गेटच्या नव्हे. बाजू चुकली की सोळा फलाटांचे स्थानक आडवे येते. मेन बझारच्या दोन्ही अंगांना अरुंद गल्ल्या आणि त्यांत भिंतीला भिंत लावून उभे लॉज. शेजारच्या करोलबागेत 12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे एका हॉटेलला आग लागून 17 जण दगावले. अशा वस्तीत अग्निशमन दलाच्या हाती असलेली लॉजची यादी नकाशावर नेमकी उतरते की नाही, हा केवळ संगणकाच्या अभ्यासक्रमातला प्रश्न राहत नाही.

समजा, भूगोलाच्या एखाद्या विद्यार्थ्याला अशी यादी मिळाली: नाव, खोल्या, मजले, अक्षांश, रेखांश. क्यूजीआयएससारखी प्रणाली प्रथम विचारते की क्ष कोणता रकाना आणि य कोणता. बोलताना अक्षांश आधी येतो; गणितात मात्र आडवे अंतर आधी, म्हणजे रेखांश हा क्ष. सवयीने उलट भरले की 28.64 उत्तर, 77.21 पूर्व या जागी असलेले पहाडगंज स्वालबार्डच्या पूर्वेला, बॅरेंट्स समुद्राच्या गारठ्यात जाऊन पडते. ही चूक एका अर्थी उपकारकच, कारण ती लपत नाही.

लपणाऱ्या चुका निराळ्या. कोणी 28 अंश 38 मिनिटे आणि 77 अंश 12 मिनिटे हे 28.38 आणि 77.12 असे लिहितो. मिनिटे साठाची असतात, शंभराची नव्हे, याचा विसर पडतो. ठिपका सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला, हरियाणातील अरवलीच्या पट्ट्यात उतरतो. तरी हेही डोळ्यांना दिसते. पण दशांशानंतर दोनच अंक ठेवले तर? अक्षांशाचा शंभरावा भाग म्हणजे 1.1 किलोमीटर, तेव्हा ठिपका अर्धा किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकतो. तेवढ्याने तो रुळांपलीकडेही जाईल, आणि नकाशा पाहणाऱ्याला काहीही खटकणार नाही.

सर्वांत दडलेली चूक दोनशे वर्षांची आहे. 1802 मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळून आरंभलेली मोजणी जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेली. त्याने 1830 साली पृथ्वीचा जो लंबगोल मानला, तो भारतीय उपखंडाला बेताने बसणारा होता. मध्य भारतातील कल्याणपूर हा त्या चौकटीचा आरंभबिंदू. आजचा डब्ल्यूजीएस 84 हा लंबगोल साऱ्या पृथ्वीसाठी आहे आणि त्याचे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी आहे. एव्हरेस्टची विषुववृत्तीय त्रिज्या त्याहून सुमारे 860 मीटरने लहान. म्हणून एकच अक्षांश-रेखांश दोन चौकटींत दोन जागा दाखवतो. दिल्लीत हे अंतर शंभर मीटरांच्या वर जाते. मोकळ्या माळावर ते कोणाला जाणवणारही नाही. पहाडगंजात मधे दोनतीन गल्ल्या निघून जातात. सर्वांसाठीच्या नकाशांना डब्ल्यूजीएस 84 ची चौकट 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दिली. पण जुन्या नकाशांवरून उतरवलेले तक्ते अजून फिरत असतात, आणि चौकट कोणती हे सांगणारा रकाना त्यांत सहसा नसतो.

अंतरे मीटरांत मोजायची तर अंशांचे प्रक्षेपण करावे लागते. 72 ते 78 पूर्व रेखांशांतील प्रदेश यूटीएमच्या 43 व्या पट्ट्यात येतो, पहाडगंजही त्यातच. तिथे त्याचा पूर्वांक सुमारे 7 लाख 16 हजार मीटर आणि उत्तरांक सुमारे 31 लाख 70 हजार मीटर. इथे नवशिका हमखास एक गफलत करतो: आकडे न बदलता तक्त्यावरची पाटी तेवढी बदलतो. मग 77 अंशांचे 77 मीटर होतात आणि अवघे पहाडगंज, सगळ्या लॉजसकट, मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर बोटभर जागेत गोळा होते. पाटी लावणे आणि रूपांतर करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत ठिपक्याची ओळख ठरते, दुसरीत आकडे नव्याने काढले जातात. संगणक दोन्ही आज्ञा सारख्याच मुकाट्याने पाळतो.

हे सारे अचूक जमले तरी नव्या पत्त्यात एक गोष्ट मुळातच नाही. डिजिपिन जमिनीचा तुकडा ओळखतो, उंची नाही. चार मजली लॉजच्या तळमजल्यावरील गल्ला आणि त्याच्या नेमक्या वरची चौथ्या मजल्यावरील खोली, दोहोंची दहा चिन्हे एकच. नकाशावर ठिपका उमटला म्हणून तक्त्यातील ‘मजले’ हा रकाना गाळून चालणार नाही. शिडी किती उंच लागेल, ते तिथेच लिहिलेले असते.